विश्लेषण : अंदमानच्या कौटुंबिक सहलीची आखणी शेवटच्या दिवसापासून का सुरू करावी?

नांदेड : मे उजाडला की नांदेडचा पारा ४२ अंशांच्या पुढे सरकतो. दुपारी विष्णुपुरीतले रस्ते ओस पडतात आणि घराघरांत एकच विषय निघतो, यंदा सुट्टीत कुठे जायचे? महाबळेश्वर झाले, तिरुपती झाले, गोवाही झाला. मग कुणीतरी अंदमानचे नाव काढते. व्हॉट्सॲपवर ‘पाच रात्री, सहा दिवस’ अशी जाहिरात आलेलीच असते. तिच्यात निळे पाणी, पांढरी वाळू, किनाऱ्यापर्यंत उतरलेले हिरवे जंगल असे सगळे असते. फक्त एक गोष्ट नसते. समुद्र खवळला आणि बोट सुटलीच नाही, तर काय करायचे?

बेटावरच्या सहलीत हाच प्रश्न सर्वात महत्त्वाचा ठरतो. महाबळेश्वरला एसटी चुकली तर दुसरी मिळते. बेटावरून बोट रद्द झाली तर पुढचे विमान, हैदराबादहून परतीची रेल्वे आणि सोमवारची ड्युटी असे सगळे एकामागून एक कोसळते. म्हणून ही सहल पहिल्या दिवसापासून नव्हे, तर शेवटच्या दिवसापासून आखावी लागते. ती कशी, ते समजून घेऊ.

उदाहरणासाठी विष्णुपुरीतले पाच जणांचे एक कुटुंब धरू. आई-बाबा दोघेही नोकरीला, मुलगी आठवीत, मुलगा दुसरीत आणि सोबत गुडघेदुखीने त्रस्त आजी. आजींना समुद्राचे फारसे आकर्षण नाही. त्यांना सावरकरांची कोठडी पाहायची आहे.

डिसेंबर २०१६ मध्ये काय घडले होते?

डिसेंबर हा अंदमानचा ऐन हंगाम मानला जातो. तरीही डिसेंबर २०१६ च्या पहिल्या आठवड्यात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तीव्र झाले आणि अंदमानला वादळी पावसाने झोडपले. बोटी बंद पडल्या. तेव्हाच्या हॅवलॉक आणि नील या बेटांवर सुमारे १४०० पर्यटक अडकले. अखेर नौदलाच्या जहाजांना त्यांच्या सुटकेसाठी जावे लागले. पुढे याच प्रणालीचे ‘वरदा’ चक्रीवादळ झाले आणि ते १२ डिसेंबरला चेन्नईजवळ धडकले.

हॅवलॉक म्हणजे आजचे स्वराज द्वीप आणि नील म्हणजे शहीद द्वीप. ३० डिसेंबर २०१८ रोजी ही नावे बदलली. पोर्ट ब्लेअरचे नावही सप्टेंबर २०२४ मध्ये श्रीविजयपुरम झाले. जुनी नावे अजूनही अनेक तिकिटांवर आणि संकेतस्थळांवर दिसतात, त्यामुळे आरक्षण करताना दोन्ही नावे माहीत असलेली बरी.

असे संकट दरवर्षी येत नाही, पण एक-दोन दिवस बोटी रद्द होणे काही नवलाचे नाही. गोदावरीकाठच्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. विष्णुपुरी प्रकल्पाचे दरवाजे उघडले की नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा मिळतो आणि त्या दिवशीची कामे नदीच्या हिशेबाने ठरतात. बेटावर हा हिशेब रोजचाच असतो.

मे, दिवाळी की डिसेंबर? नेमके कधी जावे?

हवामानाच्या दृष्टीने डिसेंबर ते एप्रिल हा काळ सर्वात चांगला. अडचण अशी की या काळात शाळा सुरू असतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा. राज्य मंडळाच्या शाळांची मोठी सुट्टी साधारण मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत असते. नेमका त्याच काळात अंदमानात पावसाळा सुरू होतो.

नैर्ऋत्य मोसमी पाऊस केरळात साधारण १ जूनला पोहोचतो, पण त्याआधी, २० ते २२ मेच्या सुमारास, तो अंदमानात दाखल झालेला असतो. कधी तो त्याहूनही लवकर येतो. २०२५ मध्ये १३ मे रोजीच त्याने निकोबार आणि दक्षिण अंदमान समुद्र गाठला होता. नांदेड जिल्ह्यात वर्षाला सरासरी ९०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, श्रीविजयपुरमला सुमारे ३००० मिलिमीटर. डोळ्यांना सुखावणारी तिथली हिरवाई याच पावसाची देणगी आहे.

याचा व्यवहारात अर्थ असा :

• मेमध्येच जायचे असेल तर पहिला पंधरवडा गाठावा. उकाडा आणि दमटपणा असतो, पण पारा नांदेडपेक्षा बराच खाली, साधारण ३२ अंशांच्या आसपास राहतो.

• मेचा शेवटचा आठवडा आणि जून टाळावा. या काळात हॉटेले स्वस्त मिळतात ती उगाच नव्हे.

• दिवाळीच्या सुट्टीत जाता येते, पण ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचा काळ आहे. निघण्याच्या आठवडाभर आधीपासून हवामान विभागाचा अंदाज रोज पाहावा.

• नाताळ ते नववर्ष हा सर्वात गर्दीचा आणि महागडा आठवडा. शाळेची परवानगी मिळत असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतले आठ दिवस हवामान आणि खिसा या दोन्हींना मानवतात.

लाटांची उंची, वाऱ्याचा वेग आणि त्सुनामीचा इशारा देणारी ‘इन्कॉइस’ ही राष्ट्रीय संस्था हैदराबादेतच आहे. अंदमानच्या समुद्राचा काही दिवसांचा अंदाज तिच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतो.

विष्णुपुरीहून कसे जावे?

सर्वात सोयीचा मार्ग हैदराबादचा. नांदेडहून देगलूर, सांगारेड्डीमार्गे हैदराबाद रस्त्याने सुमारे पावणेतीनशे किलोमीटर आहे. गाडीने पाच-सहा तास लागतात. शमशाबादचा विमानतळ शहराच्या दक्षिणेला असल्याने तिथपर्यंतचा वेळ वेगळा धरावा. रेल्वेने सिकंदराबादला उतरणाऱ्यांनी तर शहर ओलांडायला किमान दोन तास राखून ठेवावेत.

नांदेड विमानतळावरून हैदराबाद, बेंगळुरूसाठी विमानसेवा सुरू झाल्या आहेत, पण त्यांत खंडही पडत आला आहे. त्यामुळे त्या सेवेवर पुढचे जोडविमान बेतायचे असेल तर दोन्ही तिकिटे एकाच आरक्षणात आहेत का, हे आधी पाहावे. वेगवेगळी तिकिटे काढली आणि पहिले विमान रद्द झाले, तर दुसऱ्या कंपनीवर तुम्हाला सांभाळून घेण्याचे बंधन नसते.

हैदराबादहून श्रीविजयपुरमला थेट विमान मिळाले तर दोन ते अडीच तास लागतात. थेट नसल्यास चेन्नई किंवा कोलकात्याहून जावे लागते. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणम येथून जहाजेही सुटतात, पण त्यांना एका बाजूला तीन ते चार दिवस लागू शकतात. आठ दिवसांच्या रजेत ते बसत नाही.

श्रीविजयपुरम, स्वराज द्वीप, शहीद द्वीप या नेहमीच्या ठिकाणांसाठी भारतीय नागरिकांना वेगळा परवाना लागत नाही. मात्र लहान मुलांसह सर्वांची मूळ ओळखपत्रे जवळ हवीत, कारण बोटीच्या तिकिटासाठीही ती मागितली जातात. निकोबार आणि आदिवासी राखीव क्षेत्रांचे नियम वेगळे आहेत आणि तो भाग नेहमीच्या सहलीत येत नाही.

रजा प्रवास सवलत मिळते का?

नोकरदार घरांमध्ये सर्वाधिक गोंधळ याच मुद्द्यावर होतो. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी अंदमान-निकोबार, ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर आणि लडाख येथे जाण्याची विशेष सवलत आहे. तिची मुदत २५ सप्टेंबर २०२६ पर्यंत वाढवलेली आहे. एरवी विमान प्रवासाला पात्र नसलेल्या कर्मचाऱ्यांनाही या सवलतीत कोलकाता, चेन्नई किंवा विशाखापट्टणमहून श्रीविजयपुरमपर्यंत इकॉनॉमी वर्गाने जाता येते.

मेख इथेच आहे. यादीत हैदराबाद नाही. त्यामुळे थेट विमान सोयीचे वाटले तरी परतावा किती मिळेल, याचा खुलासा कार्यालयाकडून आधी लेखी घ्यावा. तिकिटे सरकारने मान्य केलेल्या संस्थांमार्फतच काढावी लागतात. खासगी संकेतस्थळावर स्वस्त मिळाले म्हणून काढलेले तिकीट नंतर अडचणीचे ठरू शकते.

विष्णुपुरीतील वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी काम करणाऱ्या राज्य कर्मचाऱ्यांना हा केंद्राचा नियम आपोआप लागू होत नाही. त्यांच्यासाठी राज्याचे नियम आहेत. बँका आणि रेल्वेचेही स्वतंत्र नियम आहेत. शेजाऱ्याला मिळाले म्हणून आपल्यालाही मिळेल, असे गृहीत धरू नये.

घड्याळ तेच, मग सूर्य तासभर आधी का मावळतो?

पृथ्वीला १५ अंश फिरायला एक तास लागतो. नांदेड सुमारे ७७ रेखांशावर आहे, तर श्रीविजयपुरम ९३ च्या जवळ. म्हणजे तिथे सूर्य साधारण एक तास आधी उगवतो आणि मावळतो. घड्याळ मात्र देशभर एकच आहे. मेच्या सुरुवातीला नांदेडला पावणेसातच्या सुमारास मावळणारा सूर्य तिथे साडेपाचच्या आसपासच समुद्रात बुडतो. डिसेंबरात तर पाचच्या सुमारास अंधारू लागते.

नऊला नाश्ता आणि अकराला बाहेर, हा सुट्टीचा शिरस्ता तिथे चालत नाही. पहाटे पाचला उजाडलेले असते. सहा-साडेसहाला बाहेर पडले तरच दिवस हाती लागतो. स्वराज द्वीपावरील राधानगर किनाऱ्यावर सूर्यास्त पाहायचा तर चार वाजताच तिथे हजर हवे.

आजींची कोठडी आणि तिथले जिने

सेल्युलर जेलचे बांधकाम १८९६ ते १९०६ या काळात झाले. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती निघत होत्या. त्यांपैकी आज तीनच उभ्या आहेत. जेथील इमारती पाडल्या गेल्या, त्या परिसरात आज गोविंद बल्लभ पंत रुग्णालय आहे. बेटांवरचे हे मोठे सरकारी रुग्णालय, त्यामुळे ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी ते कुठे आहे हे लक्षात ठेवावे.

विनायक दामोदर सावरकर ४ जुलै १९११ रोजी येथे आणले गेले. त्यांचे थोरले बंधू बाबाराव याच तुरुंगात होते, पण दोघांची भेट होऊ दिली जात नसे. १९२१ मध्ये दोघांना मुख्य भूमीवर हलवण्यात आले. नाशिक खटल्यातील वामनराव जोशी हेही येथील बंदी होते. ११ फेब्रुवारी १९७९ रोजी तत्कालीन पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी हा तुरुंग राष्ट्रीय स्मारक म्हणून देशाला अर्पण केला.

सावरकरांची कोठडी सर्वात वरच्या मजल्यावर, एका टोकाला आहे. तिथे जिने चढून जावे लागते आणि वर लांब व्हरांडा चालावा लागतो. त्यामुळे गुडघेदुखी असलेल्यांना सकाळी, ऊन चढण्याआधी न्यावे आणि त्या दिवशी दुसरे काही ठेवू नये. संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमासाठी हवे तर दुसऱ्या वेळी यावे, तो बसून पाहता येतो. साप्ताहिक सुट्टी आणि सरकारी सुट्ट्यांच्या दिवशीच्या वेळा मात्र आधी विचारून घ्याव्यात. आजी ज्यासाठी हजारभर किलोमीटर समुद्र ओलांडून आल्या, ते दार बंद मिळायला नको.

बोटीत आणि पाण्यात काय काळजी घ्यावी?

श्रीविजयपुरम ते स्वराज द्वीप हे अंतर बोटीने दीड ते अडीच तासांचे. सरकारी बोटी स्वस्त, पण तिकिटे पटकन संपतात. खासगी बोटी वातानुकूलित आणि वेगवान, पण बंदिस्त. बंदिस्त जागेत बोट जास्त लागते. डोळ्यांना समोरची खुर्ची स्थिर दिसते, कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय मात्र हालचाल नोंदवत असते. या विसंगतीने मळमळ सुरू होते. त्यावर उपाय साधे आहेत. बोटीच्या मध्यभागी बसावे, मोबाइल बाजूला ठेवावा आणि नजर क्षितिजावर ठेवावी. गोळी घ्यायची तर ती डॉक्टरांना विचारून, बोट सुटण्याच्या आधी घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.

मुलीला स्कूबा डायव्हिंग करायचे असेल तर दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, दमा, हृदयविकार किंवा कानाचा त्रास असल्यास तो लपवू नये. दुसरी, स्कूबा शेवटच्या दिवशी ठेवू नये. पाण्याखालच्या दाबामुळे रक्तात नायट्रोजन विरघळतो. लगेच विमानात बसले आणि दाब कमी झाला, तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होऊ शकतात. एका डुबकीनंतर किमान १२ आणि एकापेक्षा जास्त डुबक्यांनंतर किमान १८ तास विमान प्रवास टाळावा, असे सांगितले जाते. कुटुंबासोबत असताना पूर्ण दिवसाचे अंतर ठेवणे उत्तम.

पोहायचे ते जीवरक्षक असलेल्या, खुणा केलेल्या भागातच. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१० मध्ये राधानगरजवळ एका परदेशी पर्यटकाचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. खाडीच्या तोंडाशी आणि खारफुटीजवळ पाण्यात उतरू नये. तिथल्या सूचनाफलकांकडे दुर्लक्ष करू नये.

मुले शिंपले गोळा करतातच. पण प्रवाळाचा मेलेला, दगडासारखा दिसणारा तुकडासुद्धा पिशवीत घालून आणणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे आणि विमानतळावर सामान तपासले जाते. हे मुलांना किनाऱ्यावर जाण्याआधीच सांगावे.

काय वगळावे?

पॅकेजमध्ये अनेकदा बारातांगच्या चुनखडीच्या गुहा असतात. तिथे जाण्यासाठी पहाटेच्या अंधारात निघावे लागते. रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जातो. वाहने ताफ्यानेच सोडली जातात, मध्ये थांबणे, फोटो काढणे, खाऊ देणे याला सक्त मनाई आहे. आदिवासींच्या संरक्षणासाठी १९५६ पासून स्वतंत्र कायदा आहे. पूर्ण दिवस जातो, शेवटी बोट आणि पायपीटही आहे. दुसरीतला मुलगा आणि गुडघे दुखणारी आजी सोबत असताना हा दिवस वगळला तर सहलीचे काही बिघडत नाही.

शेवटच्या दिवसापासून आराखडा कसा मांडायचा?

कागदावर सगळ्यात खाली परतीचे विमान लिहायचे आणि तिथून वर यायचे. या कुटुंबाचा आठवडा असा मांडता येईल :

• सातवा दिवस : श्रीविजयपुरमहून विमान, रात्री हैदराबादहून नांदेडकडे.

• सहावा दिवस : राखीव. मुक्काम श्रीविजयपुरमलाच. या दिवशी कोणतेही आगाऊ आरक्षण नाही.

• पाचवा दिवस : शहीद द्वीपाहून बोटीने परत.

• चौथा दिवस : स्वराज द्वीपाहून शहीद द्वीप. तिथला खडकांचा नैसर्गिक पूल ओहोटीतच जवळून पाहता येतो, त्यामुळे ओहोटीची वेळ हॉटेलात विचारून घ्यावी.

• तिसरा दिवस : स्वराज द्वीप. मुलीचे स्कूबा, बाकीच्यांसाठी तळाला काच असलेली बोट.

• दुसरा दिवस : सकाळी सेल्युलर जेल, दुपारच्या बोटीने स्वराज द्वीप.

• पहिला दिवस : रात्रभर प्रवास झालेला असतो. पोहोचून विश्रांती, जमल्यास ध्वनिप्रकाश कार्यक्रम.

यात दोन नियम पाळले आहेत. बोट आणि परतीचे विमान एकाच दिवशी नाही. स्कूबा आणि विमान यांच्यात तीन दिवसांचे अंतर आहे. ‘पाच रात्री, सहा दिवस’ या पॅकेजमध्ये नेमका हा राखीव दिवसच कापलेला असतो, म्हणून ते स्वस्त दिसते. सात दिवस परवडत नसतील तर राखीव दिवसाऐवजी शहीद द्वीप वगळावे.

पैसे भरण्याआधी एजंटला विचारायचे तीन प्रश्न

१. हवामानामुळे बोट रद्द झाली तर बेटावरच्या जादा मुक्कामाचे पैसे कोण देणार?

२. बोट नेमकी कोणती, सरकारी की खासगी, आणि तिकीट रद्द झाल्यास परतावा किती?

३. हॉटेलात ज्येष्ठांसाठी तळमजल्यावरची खोली लेखी निश्चित होईल का?

उत्तरे फोनवर नव्हे, संदेशात लिहून घ्यावीत. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली इंटरनेट केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाल्यापासून अंदमानात नेट सुधारले आहे, तरी लहान बेटांवर ते दगा देते. तिकिटे, ओळखपत्रे आणि ही उत्तरे मोबाइलमध्ये आधीच साठवून ठेवावीत, एक छापील प्रत सोबत असावी आणि यूपीआय चालले नाही तर म्हणून थोडी रोकडही. रक्तदाब, मधुमेहाची औषधे चार दिवस जास्तीची घ्यावीत आणि ती हातातल्या पिशवीतच ठेवावीत.

हवामान चांगले राहिले तर राखीव दिवस वाया जात नाही. श्रीविजयपुरमच्या धक्क्यावरून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, म्हणजे जुने रॉस बेट, बोटीने काही मिनिटांवर आहे. ब्रिटिशांच्या या मुख्यालयाला १९४१ च्या भूकंपाचा फटका बसला आणि पाठोपाठ जपानी सैन्य आले. आज तिथल्या पडक्या भिंतींना वडा-पिंपळाच्या मुळांनी वेढले आहे आणि त्यांच्या सावलीत हरणे फिरतात. मुले तिकडे रमतील. आजींना वाटले, तर त्यांना त्या दिवशी सकाळी कोठडीपाशी पुन्हा एकदा, या वेळी सावकाश, जाऊन बसता येईल.